हॉप्स कुठले ते नंतर, आधी कधी घालायचे ते बघा (गोव्याच्या गरमीत बियर करणाऱ्यांसाठी)

बियर करून बघायची खुमखुमी आलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, हॉप्स (बियरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) कुठले घेऊ, सिट्रा की कॅस्केड की साझ? माझं म्हणणं, ते नंतर बघा. तेच हॉप्स तासभर उकळले तर कडवटपणा देतात आणि गॅस बंद केल्यावर टाकले तर वास देतात, त्यामुळे वेळ चुकली की महागातलं पाकीट पण वाया.

आणि हो, गोव्यात दारू स्वस्त आहे, सीझनला हुर्राक जिथेतिथे मिळतो, म्हणून बनवायला पण मोकळीक आहे असं समजू नका, त्याला एक्साईजचं लायसन्स लागतं, आधी तिथे विचारून घ्या. तोवर हॉप्सची ओळख करून घ्यायला हॉप्सचा चहा करा, त्यात अल्कोहोल नाही. 1 ग्रॅम हॉप्स 250 मिली पाण्यात अर्धा तास उकळा, दुसऱ्या भांड्यात तेवढेच हॉप्स 75-80 डिग्रीच्या पाण्यात 10 मिनिटं नुसते ठेवा, दोन्ही गाळून थंड करून प्या. पहिला पिताना तोंड वाकडं होईल, दुसरा सुगंधी लागेल.

असं का होतं? हॉप्स म्हणजे एका वेलीच्या मादी झाडाची फुलं (भांगेच्या कुळातलीच वेल, पण नशा नाही, त्यामुळे हणजुणेतल्या मित्रांनी आशेने बघू नये). फुलाच्या पाकळ्यांच्या मुळाशी पिवळी पावडर असते, तिला ल्युप्युलिन म्हणतात. त्यात अल्फा ॲसिड असतं आणि वासाची तेलं असतात. अल्फा ॲसिड तसं पाण्यात फारसं विरघळत नाही, उकळल्यावर त्याची रचना बदलते, मग ते विरघळतं आणि कडू लागतं. याला वेळ लागतो, तासभर उकळून पण साधारण पाव भागच बियरमध्ये उतरतो. तेलांचं उलट, ती वाफेबरोबर उडून जातात. हुमणात तिरफळं घालतो तसंच, पहिल्यापासून उकळत ठेवली तर वास कुठे राहणार!

वेल आपल्याकडे लावायच्या नादाला लागू नका. तिला थंडीची झोप लागते आणि उन्हाळ्यात मोठा दिवस लागतो, गोव्यात जूनमध्ये पण दिवस 13 तासांच्या आसपासच. म्हणून ती जर्मनीत हालरटाउला, अमेरिकेत याकिमाला होते, भारतात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात. आपण पेलेट घ्यायचे, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या. पाकिटावर दोन गोष्टी बघा, अल्फा टक्का आणि हार्वेस्टचं वर्ष. साझचा अल्फा 3-4, कॅस्केडचा 5-7, मॅग्नमचा 12-14, सिट्राचा 11-13 च्या घरात असतो, पण दरवर्षी थोडा बदलतो म्हणून पाकिटावरचाच आकडा धरायचा. पाकीट फॉइलचं, हवा काढलेलं असावं. उघडल्यावर उरलेलं हवा दाबून काढून घट्ट बंद करून सरळ फ्रीझरमध्ये, फ्रीजच्या दारात नाही. पावसाळ्यातली आपली दमट हवा आणि किचनमधली गरमी मिळून हॉप्सचा वास जुन्या चीजसारखा करून टाकतात, तसा वास आला तर फेकून द्या.

आता हिशोब. ग्रॅम गुणिले अल्फा (12 टक्के म्हणजे 0.12) गुणिले किती उतरतं ते (60 मिनिटांना 0.25, 10 मिनिटांना साधारण 0.09) गुणिले 1000, भागिले लिटर. जो आकडा येतो तो आयबीयू, कडवटपणाचं माप. साध्या लागरला (नेहमीची हलकी बियर) 10-20 पुरतात, पेल एलला (जास्त हॉप्सवाली बियर) 30-40.

5 लिटरची पेल एल धरूया. 600 ग्रॅम लाइट ड्राय मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या सातूच्या अर्काची पावडर) पाण्यात नीट विरघळवा, गुठळ्या राहिल्या तर बुडाला लागून करपतात, आणि उकळून आटतं म्हणून सुरुवातीला पाणी लिटरभर जास्त घ्या. टोप 10 लिटरचा तरी हवा कारण पेलेट टाकले की फेस भसकन वर येतो. उकळी आली की 12 टक्केवालं मॅग्नम 4 ग्रॅम टाका, टायमर 60 मिनिटं, झाकण ठेवायचं नाही. यातून 24 आयबीयू आले. शेवटची 10 मिनिटं उरली की 6 टक्केवालं कॅस्केड 10 ग्रॅम, त्याचे 11 च्या आसपास, झाले 35. वासाचं अजून वेड असेल तर गॅस बंद करून 80 डिग्रीपर्यंत येऊ द्या, मग 10 ग्रॅम टाका, ढवळा, 15 मिनिटांनी थंड करायला घ्या. वजनाला ग्रॅममध्ये दाखवणारा छोटा काटा घ्याच, 4 ग्रॅम अंदाजाने होत नाही.

थंड करायला नळाचं पाणी इथे कामाचं नाही, ते स्वतःच कोमट असतं. टोप बर्फाच्या टबात ठेवा. यीस्टचं म्हणाल तर नेहमीच्या एल यीस्टला 18-22 डिग्री लागते, म्हणजे मे महिन्यात दिवसरात्र एसी. त्यापेक्षा व्हॉस क्वाइक घ्या, नॉर्वेतलं शेतकऱ्यांकडचं यीस्ट आहे, 35 च्या वर पण मजेत काम करतं आणि वर संत्र्यासारखा वास देतं जो कॅस्केडशी मस्त जमतो. गोव्यासाठी मला यापेक्षा शहाणपणाची निवड दिसत नाही.

यीस्ट टाकून आंबायला ठेवल्यावर फेस बसला, बुडबुडे कमी झाले की ड्राय हॉप, म्हणजे न उकळता थेट थंड बियरमध्ये. लिटरला 4 ग्रॅम, इथे 20 ग्रॅम, तीन दिवस पुरे. जास्त दिवस ठेवले तर गवतासारखी चव येते. अजून एक भानगड, हॉप्समध्ये एन्झाइम असतात, ते उरलेली साखर मोडतात आणि आंबणं पुन्हा सुरू होतं, म्हणून हायड्रोमीटरचा (साखर किती उरली ते दाखवणारी काचेची नळी) आकडा दोन-तीन दिवस हलला नाही तरच बाटलीत भरा, घाई केलीत तर बाटल्या फुटतात. भरताना साखर लिटरला 6 ग्रॅम.

बाटल्या ब्राऊन घ्या. हॉप्सचा कडू भाग उन्हात मोडतो आणि घाणेरडा वास सुटतो, हिरवी किंवा पांढरी बाटली बीचवर उघड्या उन्हात थोडा वेळ राहिली तरी पुरे. बियर तयार झाली की फ्रीजमध्ये, आणि महिन्या-दोन महिन्यांत संपवा, हॉपी बियर मुरवत ठेवण्यात काही अर्थ नाही.

शेवटी उरलेला हॉप्सचा गाळ. तो कुठे पण उघड्यावर टाकू नका, आपल्याकडे वाड्यावर कुत्री फिरत असतात आणि हॉप्स कुत्र्यांना विषारी आहेत, अंगात ताप चढत जाऊन मरू पण शकतात. घरचं कुत्रं असेल तर पेलेटचं पाकीट पण वर ठेवा, गाळ पिशवीत घट्ट बांधून झाकणाच्या डब्यात, आणि खाल्लाच असं वाटलं तर वाट न बघता थेट व्हेटकडे न्या.