डोकं थकलेलं असताना व्यायाम कसा करावा

दिवसभर स्क्रीनमध्ये डोकं घातलं की संध्याकाळी पाय जड वाटतात. स्नायू मात्र ताजेच असतात. 2009 साली संशोधक सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी लोकांना 90 मिनिटं एकाग्रतेचं काम देऊन मग दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. एरवी सरासरी 754 सेकंद टिकणारे 640 सेकंदांतच थांबले. हृदय किंवा रक्तातलं लॅक्टेट (जोराच्या श्रमात वाढणारा पदार्थ) यांत कारण सापडलं नाही. तेवढेच श्रम जास्त वाटत होते.

म्हणून अशा दिवशी घड्याळातल्या वेगामागे लागू नका. श्रम 10 पैकी किती वाटतात ते बघा आणि 5-6 च्या पुढे जाऊ नका. टेम्पो रन (बराच वेळ जोरात, एकाच वेगाने धावणं), लांब इंटरव्हल (जोरात धावणं आणि मध्ये विश्रांती) दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. जड वजनाचे 3-5 रेप्सचे (वेळा उचलण्याचे) सेट चालतील, कारण कमाल ताकद फारशी घटत नाही. चेंडूचा सराव मात्र टाळाच, अचूकता घसरते.

व्यायामाआधी अर्धा तास फोन लांब ठेवा. रील्स बघणं ही विश्रांती नव्हे. कॉफी सोसत असेल तर 45-60 मिनिटं आधी, शरीराच्या वजनाच्या किलोमागे 3 मिलिग्रॅम कॅफीन पुरतं. झोपेला 6 तासांहून कमी वेळ उरला असेल, तर तीही नको.