ईजीजीची तयारी: पोट रिकामं हवं, आणि गोळ्यांची पाकिटं वाचलेली हवीत

ईजीजी, म्हणजे इलेक्ट्रोगॅस्ट्रोग्राफी. ईसीजीसारखी इलेक्ट्रोड पोटाच्या कातडीवर चिकटवून जठराच्या विजेची लय टिपायची. निरोगी जठरात मिनिटाला साधारण 3 लहरी उठतात. सुई नाही, नळी नाही. आधी उपाशीपोटी आणि मग खायला किंवा पाणी प्यायला देऊन नोंद घेतात, त्यामुळे दोन-तीन तास मोकळे ठेवा.

रात्री हलकं जेवा, मग काही नको. सकाळचा चहाही नको. तंबाखू, सिगारेट, मिश्री बंद. निकोटिनने लय बिघडते.

आता औषधं. नोंद काढताना मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो इथेच. ‘जठराची हालचाल बदलणारी औषधं बंद करा’ एवढंच कागदावर छापून लोकांना घरी पाठवतात. त्यातून पेशंटला काय कळणार? विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘काही घेतलं नाही, फक्त ॲसिडिटीची गोळी.’ पाकीट मागून बघावं तर पॅन्टोप्रॅझोलसोबत डोम्पेरिडोन! कधी रॅबेप्रॅझोलसोबत इटोप्राइड किंवा लेव्होसल्पिराइड. ही जोडऔषधं जठराला चालना देतात. मग कागदावर उमटते ती गोळीची करामत, तुमच्या जठराची खरी चाल नव्हे. पोटात कळ येते म्हणून घेतलेली डायसायक्लोमीन आणि अंगदुखीवरची ट्रॅमाडॉल उलट जठराला मंदावतात.

म्हणून तारीख मिळाली की घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत भरा आणि डॉक्टरांसमोर ओता. पाळीत घेतात त्या, मेडिकलवाल्याने दिलेल्या, आयुर्वेदिक, सगळ्या. ब्रँडच्या नावाखालची बारीक अक्षरं वाचून घ्या. अशी औषधं सहसा दोन-तीन दिवस आधी थांबवतात, पण कोणती आणि किती दिवस, हे डॉक्टरच लिहून देतील. बीपीची, हृदयाची, फिटची गोळी मनाने अजिबात बंद करू नका. आणि थांबवायला सांगितलेली एखादी गोळी चुकून त्या सकाळी घेतली गेलीच, तर आल्याआल्या सांगा. तारीख बदलता येते. चुकीच्या रिपोर्टवर औषध सुरू होणं जास्त वाईट.

मधुमेह असेल तर सकाळची पहिली वेळ मागा. उपाशीपोटी नेहमीचं इन्शुलिन टोचलं तर साखर धोकादायक खाली जाते, आणि ती फार चढलेली असेल तर जठराची लय त्यानेच विस्कटते. डोस आदल्या दिवशीच विचारून ठेवा, ग्लुकोमीटर सोबत आणा.

पोटाला तेल, क्रीम लावू नका. कपडे सैल आणि दोन भागांचे. पोटावर केस असतील तर तिथे काढावे लागतील. आधी लघवीला जाऊन या, कारण नंतर स्वस्थ पडून राहायचं आहे: जठराचा सिग्नल हृदयाच्या मानाने फार क्षीण असतो, बोलण्या-खोकण्यानेही तो बुडतो. मोबाईल सोबतच्या माणसाकडे द्या.

खायला काय देणार, हे फोनवरच विचारा. बऱ्याच ठिकाणी अंडं असतं. शाकाहारी असाल, जैन असाल किंवा दूध पचत नसेल तर तेव्हाच सांगा. खाताना मळमळलं तर लगेच बोला. ती वेळ आम्हाला नोंदीवर टिपायची असते.