पाणपोई उघडायची नसेल तर: पेयांच्या व्यापारी प्रदर्शनात स्टॉल लावताना

पहिल्या प्रदर्शनातून परतलो तेव्हा आमच्या स्पार्कलिंग, म्हणजे वायू भरलेल्या फसफसत्या चहाचे अकराशे कप लोकांनी रिचवले होते आणि हातात ऑर्डरी होत्या दोन. त्यातली एक शेजारच्या स्टॉलवाल्याची, त्याच्या घरच्या कार्यक्रमासाठी. मी मात्र खुशीत होतो. तिन्ही दिवस रांग होती ना! हिशेब बघणाऱ्या ताईने बिलांची चळत समोर ठेवली आणि विचारलं, "अरे, तू प्रदर्शनाला गेला होतास की पाणपोई उघडून बसला होतास?"

त्यानंतर आणखी नऊ प्रदर्शनं झाली. हॉटेल, रेस्टॉरंट, कॅफे, बार यांना लागणारी पेयं आणि ती बनवायची यंत्रं जिथे मांडतात, तसली. आमचा माल म्हणजे 20 लिटरच्या केगमध्ये (नळ जोडून पेय काढायच्या धातूच्या पिंपात) भरलेला बिनमद्याचा स्पार्कलिंग चहा आणि जोडीला दोन सिरपं. तुमचं कॉफीचं, वाइनचं किंवा टॉनिक वॉटरचं काम असलं तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

येणाऱ्याला काय हवं असतं

हे आधी सांगतो, कारण बाकी सगळं यावरून ठरतं. चव चांगली हवीच. पण बेचव माल घेऊन तिथे कुणी येतच नाही, त्यामुळे नुसत्या चवीवर गाडी फार पुढे जात नाही.

दुसऱ्या खेपेला एक बाई आल्या. एका मोठ्या हॉटेलात एफ अँड बी मॅनेजर, म्हणजे खाण्यापिण्याचा सगळा विभाग सांभाळणाऱ्या. कप घेतला, अर्धा घोट प्यायल्या, खाली ठेवला. मग काउंटरच्या मागे वाकून बघू लागल्या. नळाखालचा ड्रिप ट्रे बोटाने सरकवून पाहिला. केगची उंची वितीने मोजली. सिरपची बाटली बर्फाच्या खोक्यातून ओलीच उचलली आणि अंगठ्याने लेबल घासलं. कोपरा सुटला. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. मी आपला चहाच्या मळ्याची गोष्ट रंगवून सांगत होतो. मध्येच त्यांनी विचारलं, "माझ्याकडचा मुलगा दर तीन महिन्यांनी बदलतो. शनिवारी रात्री दीडशे माणसं बसलेली असताना नवा मुलगा हे कसं भरेल?"

मला उत्तर देता आलं नाही. लेबलचा गोंद आम्ही त्याच महिन्यात बदलला, पण तो प्रश्न डोक्यात राहिला. त्यांचा सगळ्यात नवखा माणूस सगळ्यात गर्दीच्या रात्री हेच पेय असंच देऊ शकेल, एवढीच खात्री त्यांना हवी होती. तेव्हापासून कामाच्या गिऱ्हाइकाला मी कप भरून देत नाही. रिकामा ग्लास हातात देतो आणि म्हणतो, "तुम्हीच भरा." ग्लास तिरका धरायचा, नळ एका झटक्यात पूर्ण उघडायचा, भरत आला की ग्लास सरळ करायचा. पहिला थोडा फेसाळतो, दुसरा नीट भरतो. दुसरा ग्लास भरणारा माणूस पुढचे प्रश्न स्वतःच विचारायला लागतो.

ते प्रश्नही ठरलेले. एका ग्लासाला खर्च किती? (लिटरचा भाव सांगू नका, त्यांचं मेन्यूकार्ड ग्लासात चालतं.) केग उघडल्यावर किती दिवस टिकतो? उघडण्याआधी फ्रिजमध्येच ठेवावा लागतो का? नळी कधी आणि कशाने धुवायची? कमीत कमी किती माल घ्यायचा? रविवारी नळ बिघडला तर फोन कोण उचलणार? सगळी उत्तरं आम्ही एका पानावर छापतो. केगमधून 200 मिलिलिटरचे किती ग्लास निघतात याचं कागदावरचं उत्तर 100 आहे. मी 92 सांगतो. फेस आणि सांडलवंड धरून आमच्याकडे तेवढेच निघतात, आणि बारमध्ये उभं आयुष्य काढलेल्या माणसाला 100 सांगितलं की तो हसतो.

जागा आणि वीज

नवख्यांना बहुतेक तीन बाय तीन मीटरचा तयार गाळा मिळतो. तीन भिंती, वर नावाची पट्टी, दोनतीन दिवे, एक प्लग. जमलं तर कोपऱ्यावरचा घ्या. दोन बाजू उघड्या राहतात आणि नळाभोवती चार माणसं उभी राहू शकतात. तोंडावर आडवं टेबल टाकून आपण मागे उभं राहायचं, ही सगळ्यांचीच पहिली चूक. काउंटर बाजूच्या भिंतीला लावा, म्हणजे माणूस आत येतो. खर्चाचा अंदाज करताना मी जागेचं भाडं धरतो आणि त्याला तीनने गुणतो. अजून तरी फारसं चुकलेलं नाही.

आयोजक एक जाडजूड नियमपुस्तिका पाठवतात. ती कंटाळवाणी असते आणि शब्दन् शब्द वाचावी लागते. वीज, पाणी, निचरा, बर्फ, गॅसची परवानगी, विमा, प्रत्येकाची शेवटची तारीख वेगळी. तारीख हुकली की तीच गोष्ट जादा दराने मिळते, किंवा मिळतच नाही.

आता विजेबद्दल. तिसऱ्या प्रदर्शनात पहिल्या रात्री सगळं आवरून, फ्रिज भरून, झोपायला गेलो. सकाळी आठला आलो तर गाळ्यात कमालीची शांतता. फ्रिजची घरघर नाही. दार उघडलं तर आतून कोमट हवा अंगावर आली आणि थर्मामीटर 19 अंश दाखवत होता. केग, बाटल्या, कापून ठेवलेली लिंबं, सगळं घामेजलेलं. हॉल बंद झाला की मुख्य वीज बंद करतात. चालू ठेवायची असेल तर 24 तासांचा पुरवठा वेगळा मागवावा लागतो, त्याचा वेगळा रकाना असतो, आणि तो मी रिकामा सोडला होता. पेय गार असताना गोडवा कमी जाणवतो, त्यामुळे त्या दिवशी जो तो "जरा जास्तच गोड आहे" म्हणून गेला. माल तोच होता.

दुसरं, भाराची बेरीज आधी करा. 230 व्होल्ट आणि 16 अँपियर म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. पाण्याची किटली एकटीच दोन खाते, ग्लास धुण्याचं यंत्र तीनच्या आसपास. दोन्ही एकदम सुरू केली की अंधार, आणि बऱ्याचदा शेजारच्याच्या गाळ्यातही. दोन ग्रुपचं (एकदम दोन ठिकाणी कॉफी काढणारं) एस्प्रेसो मशीन असेल तर त्याच्यासाठी स्वतंत्र लाइन मागा.

पाणी

नळ आणि निचरा हॉलच्या प्रत्येक गाळ्याला देता येत नाही. जमिनीखालची वाहिनी जिथून जाते तिथेच मिळतो, म्हणून जागा निवडतानाच विचारा. नाही मिळाला तर दोन डबे, एक स्वच्छ पाण्याचा, एक सांडपाण्याचा, झाकणं वेगळ्या रंगांची. (का ते विचारू नका.)

हॉलच्या पाण्याला क्लोरीनचा वास असू शकतो. मांडणीच्या संध्याकाळी मी एक छोटी परीक्षा घेतो. चहा चाखण्यासाठी आयएसओ 3103 नावाची पद्धत आहे: 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम पत्ती, 6 मिनिटं. एकच पत्ती, एक भांडं हॉलच्या पाण्याचं, एक आम्ही आणलेल्या पाण्याचं. दोन्ही शेजारी ठेवून चाखले की कळतं, हॉलचं पाणी सिरपात घालायचं की फक्त भांडी धुवायला ठेवायचं. बर्फाचंही तेच. ज्या पाण्याला वास, त्याच्या बर्फालाही वास, आणि तो ग्लासात विरघळतो. बर्फाचा नमुना आधी पाण्यात वितळवून पिऊन बघा.

केग आणि फेस

आमची सगळ्यात मोठी फजिती इथे झाली. रस्त्यातल्या खोळंब्यामुळे टेम्पो उद्घाटनाच्या सकाळी पोचला. केग उतरवला, पंधरा मिनिटांत जोडला, नळ उघडला. ग्लासात नुसता पांढरा फेस. दुसरा ग्लास, फेस. तोवर समोर सहा जण उभे. चहा नळापर्यंत ढकलायला केगला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडलेला असतो; मी घाबरून त्याच्या रेग्युलेटरवर दाब कमी केला. त्याने तर आणखी बिघडलं, कारण दाब घटला की चहात विरघळलेला वायू नळीतच सुटायला लागतो.

कारण सरळ आहे. कार्बन डायऑक्साइड थंड द्रवात जास्त विरघळून राहतो, द्रव तापला की बाहेर यायला बघतो. त्यात टेम्पोने केग दोन तास घुसळलेला. भरलेला केग खोलीच्या तापमानावरून 4 अंशांपर्यंत उतरायला फ्रिजमध्ये जवळपास एक अख्खा दिवस घेतो. म्हणून केग आदल्या दिवशी सकाळीच हॉलवर हवेत, फ्रिज तेव्हाच चालू हवा, आणि जोडण्याआधी ते हलवायचे नाहीत. नळापर्यंतची नळीही गार हवी. फ्रिज थंड आणि नळी दिव्याखाली तापलेली असेल तर पहिला ग्लास फेसातच जातो. सकाळी दारं उघडण्याआधी पहिले दोन ग्लास मी ओतून टाकतो.

गॅसचा सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला, आणि त्याची परवानगी लेखी. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. त्यामुळे काउंटरखालच्या बंद कपाटात सिलिंडर कोंबून वर सुंदर फळी लावायचा मोह टाळा.

किती माल न्यायचा? कप 45 मिलिलिटरचा, दिवसाला 250 कप, तीन दिवस. झाले 33.75 लिटर. दोन केग पुरतात असं वाटतं, पण फेस आणि सकाळचे ओतलेले ग्लास धरून मी तीन नेतो. पहिल्या वर्षी आम्ही 100 मिलिलिटरचे कप दिले होते. त्यात माल संपतो आणि माणसाची जीभही. दिवसभर वीस ठिकाणी चाखणाऱ्याला पूर्ण कप नकोच असतो. त्याला चूळ टाकायला भांडं आणि साधं पाणी ठेवा. व्यावसायिक चाखणारे ते शोधतातच.

मद्य असेल तर चाखायला देण्याच्या परवान्यात तुमचा गाळा येतो का, हे आयोजकांकडून लेखी घ्या. यंत्र परदेशातल्या प्रदर्शनाला न्यायचं असेल तर एटीए कार्नेट (वस्तू तात्पुरती परदेशात नेऊन परत आणायचं सीमाशुल्काचं कागदपत्र) चालतं तिथे ते काढा. परत आणायच्या वस्तूंवर आयातकर भरावा लागत नाही. पिऊन संपणारा माल मात्र त्यात बसत नाही, त्याची कागदपत्रं वेगळी.

माणसं आणि नोंदी

तीन मीटरच्या गाळ्यात तीन माणसं पुरे. एक नळावर, एक बोलायला, एक जेवायला गेलेला. खुर्ची ठेवली की माणूस तिच्यात बसतो आणि मोबाइल बघतो, म्हणून आम्ही उंच स्टूल ठेवतो, तेही पाहुण्यांसाठी.

कप देण्याआधी एक प्रश्न: "तुमचं स्वतःचं ठिकाण आहे की तुम्ही पुरवठा करता?" एवढ्यावरून पुढचं बोलणं बदलतं. हॉटेलवाल्याला नळ दाखवायचा, वितरकाला खोक्याचं वजन, टिकाऊपणा आणि एका पॅलेटवर (माल रचायच्या फळीवर) किती खोकी बसतात ते सांगायचं. दोन्ही नसेल तर हसून कप द्या आणि पुढच्याकडे वळा.

बिल्ल्यावरचा कोड स्कॅन केला की नाव आणि फोन मिळतो, बोलणं मिळत नाही. आम्ही त्याच क्षणी वहीत दोन ओळी लिहितो. "छतावरचा बार, फ्रिजला जागा नाही, 10 लिटरचा केग मिळेल का." संध्याकाळी हॉटेलवर परतल्यावर लिहू म्हटलं तर पन्नास चेहऱ्यांचा एकच चेहरा झालेला असतो.

शेवटच्या दिवशी दुपारी सगळे आवरायला लागतात. तुम्ही आवरू नका. गर्दी ओसरलेली असते, आणि जे परचेसवाले दोन दिवस नुसते लांबून बघून गेलेले असतात ते तेव्हा येऊन भावाचं बोलतात. आमचा सगळ्यात जुना वितरक असाच बंद व्हायच्या वेळी आला. शेजारी खोकी बांधत होते आणि तो आमच्या नळाखाली ग्लास धरून उभा होता.

परतल्यावर वहीचे तीन गठ्ठे करा. ज्यांनी स्वतः ग्लास भरून भाव विचारला, त्यांना तीन दिवसांच्या आत फोन. ज्यांना अडचण होती, त्यांना त्या अडचणीचं उत्तर लेखी. बाकीच्यांना एक छोटा निरोप, भावपत्रक न जोडता. फोनवर "प्रदर्शनात भेटलो होतो" एवढं म्हणून भागत नाही, त्यांना त्या दिवशी साठ जण भेटलेले असतात. "तुमच्या छतावर फ्रिजला जागा नाही म्हणाला होतात, 10 लिटरचा केग आता आहे, सोमवारी माणूस पाठवू का?" असं विचारा. आणि खरंच पाठवणार असाल तरच विचारा, कारण तो "पाठवा" म्हणाला की केग आदल्या दिवशीच तिथे पोचलेला आणि गार झालेला हवा.