थ्री फेज चालू अन् कोड म्हणतोय शून्य: कॉम्प्लेक्स व्हेक्टरची लांबी नीट कशी काढायची

हे लिहायला बसलो ते भाच्यामुळं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या पाव्हण्यांचं लूमचं शेड आहे, तिथल्या मोटारींचं व्होल्टेज लॉग करायचं असा त्याचा फायनल इयरचा प्रोजेक्ट. रात्री साडेदहाला फोन, "मामा, तिन्ही फेज आहेत, लूम खडखड चालायलेत, पण माझा कोड शून्य दाखवायलाय." वायरमनला बिचाऱ्याला दोनदा पॅनल उघडायला लावलं होतं. म्हटलं, आधी कोड दाखव बे.

कोडमध्ये एकच ओळ होती: व्ही गुणिले व्ही, त्याची बेरीज, अन् वर वर्गमूळ. शाळेतला पायथागोरस. साध्या आकड्यांना हे बरोबर आहे, पण कॉम्प्लेक्स नंबर (दोन भागांचा आकडा, एक साधा म्हणजे रिअल, एक आयचा; आय म्हणजे उणे 1 चं वर्गमूळ) आला की हाच फॉर्म्युला गंडतो. तीन फेज म्हणजे 230 व्होल्टचे तीन बाण, एकमेकांपासून 120 अंशावर, अन् एकेक बाण म्हणजे एकेक कॉम्प्लेक्स नंबर. कॉम्प्लेक्स नंबरचा नुसता वर्ग केला की त्याचा कोन पण डबल होतो, म्हणजे 0, 120, 240 चे झाले 0, 240, 480, आणि 480 म्हणजे एक फेरी मारून परत 120 च. तिघं परत 120 च्याच अंतरावर, बेरीज शून्य. कॉम्प्युटरवर अगदी स्वच्छ शून्य नाही येत, पॉइंटनंतर बरीच शून्यं अन् मग बारीक कचरा येतो, पण अर्थ तोच.

अजून छोटं बघायचं तर व्हेक्टर (म्हणजे आकड्यांची यादी) घ्या 1 आणि आय. एकाचा वर्ग 1, आयचा वर्ग उणे 1, झालं शून्य. दोन घरात दोन आकडे बसलेत अन् लांबी शून्य, असं कुठं असतंय?

तर करायचं काय, प्रत्येक आकडा स्वतःच्या कॉन्ज्युगेटनं गुणायचा, म्हणजे आयच्या भागाचं फक्त चिन्ह उलटं करायचं. 3 अधिक 4 आय गुणिले 3 वजा 4 आय, उत्तर 9 अधिक 16, म्हणजे 25. कोन उडून जातो, उरतो नुसता लांबीचा वर्ग. मग सगळ्यांची बेरीज, मग वर्गमूळ. तीन फेजला हे केलं तर 3 गुणिले 52900, म्हणजे 158700, त्याचं वर्गमूळ 398.37. (ही लाइन टू लाइन, म्हणजे दोन फेजमधली व्होल्टेजच आली की, असं भाचा म्हणाला. आकडा तोच येतो, कारण दोन्हीकडं 230 गुणिले रूट 3 आहे, पण गोष्टी वेगळ्या.)

टेस्टला हा व्हेक्टर पाठ करून ठेवा: 3 अधिक 4 आय, आणि 12. बरोबर कोड असेल तर लांबी 13. कॉन्ज्युगेट विसरलात तर वर्गमूळाच्या आधी 137 अधिक 24 आय असलं काहीतरी दिसेल. लांबीत आय दिसला की समजायचं, घोळ आहे.

आता पायथनचं. (नावं उच्चाराप्रमाणं लिहितोय, टाइप इंग्रजीत करा, अन् पायथनमध्ये आयच्या जागी जे हे अक्षर लागतं, इलेक्ट्रिकलवाल्यांना तसंही जे ची सवय असते.) नम्पायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) सरळ लिनॅल्ग डॉट नॉर्म वापरा, विषय संपला. हातानं करायचं असेल तर व्हीडॉट फंक्शन घ्या, तो पहिल्या व्हेक्टरचा कॉन्ज्युगेट स्वतः घेतो, अन् उत्तराचा फक्त रिअल भाग घेऊन वर्गमूळ काढा. साधा डॉट आणि ॲटचं चिन्ह कॉन्ज्युगेट घेत नाहीत, भाचा पुढं तिथंच परत फसला. त्यानं ट्रान्सपोज (आडवं उभं करणं, नम्पायमध्ये डॉट टी) लावून बघितलं, पण एकाच डायमेन्शनच्या ॲरेवर, म्हणजे नुसत्या यादीवर, डॉट टी काहीच करत नाही, नुसतं मनाचं समाधान.

अजून एक चूक फार गुपचूप होते. ॲरे फ्लोटमध्ये, म्हणजे साध्या दशांश आकड्यांत, कन्व्हर्ट केला की नम्पाय फक्त एक वॉर्निंग देतो अन् आयचा भाग टाकून देतो. आपल्या टेस्टमधल्या 3 अधिक 4 आय चा उरतो नुसता 3, लांबी येते 12.37. 13 च्या इतकी जवळ की कुणाला संशय पण येणार नाही! वॉर्निंग वाचत जा.

शेकडो रीडिंग एकाच टेबलात असतील, दर ओळीत तीन फेज, तर नॉर्मला ॲक्सिस 1 द्या, नाहीतर सगळ्या टेबलाचा मिळून एकच आकडा हातात येतो.

मॅटलॅबमध्ये नुसती अवतरणाची खूण म्हणजे कॉन्ज्युगेटसकट ट्रान्सपोज, तिच्याआधी टिंब दिलं की कॉन्ज्युगेट गेला. एका टिंबाचा फरक, डोळ्यात तेल घालून बघा. सी प्लस प्लसमध्ये वेगळीच गंमत, तिथं एसटीडी नॉर्म नावाचं फंक्शन 3 अधिक 4 आय ला 5 देत नाही, 25 देतं, कारण ते लांबीचा वर्ग देतं. 5 पाहिजे तर ॲब्स. फोरट्रानचा डॉट प्रॉडक्ट कॉन्ज्युगेट स्वतः घेतो, पण नॉर्म 2 कॉम्प्लेक्स ॲरे घेतच नाही.

आकडे फार मोठे असतील तर वर्ग करतानाच फुटतात. डबलची (कॉम्प्युटरच्या नेहमीच्या दशांश आकड्याची) मर्यादा साधारण 10 चा 308 वा घात, तुमचा आकडा 10 चा 200 वा घात असेल तर वर्ग 400 वर जातो अन् इन्फिनिटी येते, नम्पायचा नॉर्म पण आतून वर्गच करतो त्यामुळं तो पण वाचवत नाही. कॉम्प्लेक्स 64 (नम्पायमधला निम्म्या जागेत बसणारा कॉम्प्लेक्स आकडा) वापरत असाल तर 10 च्या 20 व्या घातालाच हे होतं. उपाय सोपा, सगळ्यात मोठ्या ॲब्सनं आधी सगळ्यांना भागा, लांबी काढा, मग परत त्यानंच गुणा. फक्त भागायच्या आधी तो सगळ्यात मोठा शून्य नाही ना ते बघा, कारण शेडमधली लाइट गेली की तिन्ही फेज खरोखरच शून्य येतात, अन् शून्याला शून्यानं भागून रात्रभराच्या लॉगमध्ये नॅन नॅन नॅन (नॅन म्हणजे 'हा आकडाच नाही').