आधी अंगण मोजा, मग शेवगा की चिंच ते ठरवा

धायरीत आमच्या घरामागे दोन झाडं आहेत. शेवगा मी लावलेला, चिंच जागेबरोबर आलेली. "काकू, आम्ही काय लावू?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, भिंतीपासून मोकळी जागा किती? तीस फूट नसेल तर चिंचेचं नाव काढू नका.

शेवग्याला कोपरा पुरतो. झाडावरच वाळून तडकलेल्या शेंगेचं बी घ्या. शेंग तीन धारांची, बीलाही तीन कागदी पंख. रात्रभर भिजवून पिशवीत इंचभर खोल टोचा. 'पीकेएम-1' या वाणाचं बी असेल तर सहा-आठ महिन्यांत शेंगा दिसतात. फांदीही लागते, मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटांची. पण मी पहिली फांदी मृगाच्या पावसात काळ्या मातीच्या खड्ड्यात रोवली. पाणी साचलं, आणि पंधरवड्यानं उपटून पाहिली तर बुडखा भिजलेल्या साबणासारखा. शेवग्याला तहान चालते, पाय ओले चालत नाहीत. दुसऱ्यांदा मुरूम घालून उंचवटा केला, तेव्हा जगला.

रोप तीन फुटांचं झालं की शेंडा खुडा. मला जिवावर आलं, खुडला नाही. झाड सरळ वर गेलं, शेंगा शेजारच्या गच्चीसमोर, आणि वैशाखातल्या एका वावटळीत फांदी त्यांच्या स्कूटरवर. लाकूड इतकं ठिसूळ, की माणसाला हरभऱ्याच्या ऐवजी शेवग्याच्या झाडावर चढवलं तरी परिणाम तोच. आता उन्हाळ्यात शेंगा संपल्या की कमरेएवढं खोड ठेवून छाटते. नवे धुमारे फुटतात, शेंगा हाताशी येतात.

पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंट झुंडीनं बसतात. हात लावलात तर दिवसभर खाजवाल. खराट्यानं साबणाच्या पाण्यात पाडा. पाला वाळवायचा तर सावलीतच, उन्हात हिरवा रंग उडतो. सासूबाई रत्नागिरीकडच्या, त्यामुळे गोकुळाष्टमीला कोवळ्या पाल्याची भाजी ठरलेली.

चिंच म्हणजे आपलीच, असं वाटतं ना? तिचं मूळ आफ्रिकेत. अरबांनी मात्र तिला 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हटलं, आणि शास्त्रीय नावातही तेच बसलं. बीपासून लावलीत तर आकडे, म्हणजे चिंचेच्या शेंगा, दिसायला आठ-दहा वर्षं धरा. 'प्रतिष्ठान'सारख्या वाणाचं कलम निम्म्या वेळात फळ धरतं.

फुलं उन्हाळ्याअखेरीस येतात. फिकट पिवळी, वर लाल रेघा. आकडे पिकतात थेट पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. आकडा कानाशी धरून टिचकी मारा. गर टरफलापासून सुटला असेल तर पोकळ आवाज येतो. त्याआधीची गाभुळलेली चिंच पोरांची, तिचा हिशेब ठेवू नये.

साठवणीची चिंच दोन दिवस उन्हात घाला, टरफल काढा, देठाकडून शिरा एका ओढीत सोडवा. मग पाटावर ठेवून बत्त्यानं हलकेच ठोकून चिंचोके काढा. किलोभर आकड्यांतून गर जेमतेम अर्धा किलो निघतो, म्हणून बाजारात फोडलेली चिंच महाग पडते. गराला जाडं मीठ चोळून गोळे वळा आणि चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा. ॲल्युमिनियमचा डबा नको, आंबटपणा त्याला खातो.

चिंचोके फेकू नका. त्यांच्या पिठाची खळ सुताला लावतात, घोंगडीलाही तीच. मी भाजून खाते, दात बरे आहेत तोवर. कोळ गाळून उरलेल्या चोथ्यात मीठ घालून देवाची तांब्याची भांडी घासा, पण लगेच धुवून कोरडी करा. मी एकदा फोन घ्यायला गेले, परत येईतो तांब्यावर डाग धरले होते.