प्रवाळांच्या टँकसाठी कॅल्शियम आणि अल्कलिनिटीची द्रावणं घरी कशी बनवावीत

दगडी प्रवाळं आपला सांगाडा पाण्यातूनच बांधतात. पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून त्यांचं कॅल्शियम कार्बोनेट करतात, म्हणजे शिंपल्यात असतं तेच. समुद्राला ही उचल कळतही नाही, पण दोनशे लिटरच्या टँकमध्ये काही दिवसांतच कळते, आणि नुसतं पाणी बदलून ती भरून निघत नाही.

बाजारात तयार द्रावणं मिळतात आणि ती चांगलीही असतात, पण टँक मोठा झाला की खर्च वाढत जातो. मुख्य माल दोनच: कॅल्शियम क्लोराइड आणि खायचा सोडा. रँडी होम्स-फार्ली या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये यांची घरगुती कृती प्रसिद्ध केली. न्यू जर्सीतल्या माझ्या टँकसाठी मी तिचाच सौम्य प्रकार लिटरच्या मापात करून वापरते.

बाटली भरण्याआधी मोजमाप करा. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम सुमारे ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग), अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, ७ डीकेएचच्या (हे तिचं एकक) आसपास आणि मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या जवळ असतं. टँकमध्ये कॅल्शियम ४०० ते ४५०, अल्कलिनिटी ७ ते १० आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० ठेवलं की पुरे. क्षारता, म्हणजे पाण्यातल्या मिठाचं प्रमाण, आधी ३५ पीपीटीला (हजार भागांत ३५) आणा. ती चुकलेली असेल तर बाकीचे आकडेही फसवे येतात.

सामान मोजकं लागतं: एका ग्रॅमचा फरकही दाखवणारा वजनकाटा, झाकणाच्या दोन स्वच्छ बाटल्या, सुईशिवायची सिरिंज आणि आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून सगळे क्षार काढलेलं पाणी. कॅल्शियम क्लोराइड खाद्य दर्जाचं, डायहायड्रेट (ज्याच्या स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात ते) घ्या. इथे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मिळतं ते स्वस्त असलं तरी त्यात आणखी काय मिसळलेलं असेल याचा भरवसा नाही. सोडा म्हणजे निव्वळ खायचा सोडा. बेकिंग पावडर मुळीच नको, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो.

पहिली बाटली कॅल्शियमची. ८०० मिली पाण्यात ६६ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड थोडं थोडं टाकत ढवळा. भांडं थोडं गरम होतं, म्हणून पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. चष्मा आणि हातमोजे घाला. गार झालं की पाणी घालून बरोबर १ लिटर करा. उरलेल्या पावडरीचा डबा लगेच घट्ट लावा. ती हवेतला ओलावा ओढते आणि मग पुढच्या वेळी वजनात पाणीच जास्त येतं.

दुसरी बाटली अल्कलिनिटीची. ७८ ग्रॅम सोडा तसाच ८०० मिली पाण्यात विरघळवून १ लिटर करा. याला वेळ लागतो, कोमट पाणी घेतलं तर बरं. टँकचा पीएच कायम ८ च्या खाली राहत असेल, तर वजन करून झाल्यावर हाच सोडा ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सियसला तासभर भाजून घ्या. अल्कलिनिटी तेवढीच मिळते आणि पीएच वाढतो.

या दोन बाटल्या एकमेकींत कधीही मिसळू नका. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच इथे क्षणात तयार होतो आणि मग प्रवाळांच्या हाती काही लागत नाही. टँकमध्येसुद्धा एक सकाळी द्या आणि दुसरं संध्याकाळी, जिथे पाण्याला जोर आहे तिथे, हळूहळू.

किती द्यायचं, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. तीन दिवस काहीही न घालता, रोज एकाच वेळी अल्कलिनिटी मोजा. समजा ८.५ वरून ७.३ झाली, तर रोजचा खप ०.४ डीकेएच. सोड्याचं हे द्रावण १०० लिटर पाण्यात ३८ मिली घातलं की अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढते. म्हणून २०० लिटरला रोज सुमारे ३० मिली. कॅल्शियमचं द्रावणही तेवढंच, कारण प्रवाळं दोन्ही ठरलेल्या प्रमाणातच उचलतात. खप कॅल्शियमवरून का काढायचा नाही? ०.४ डीकेएचबरोबर कॅल्शियम फक्त ३ पीपीएम उतरतं आणि घरातल्या किटला तेवढा फरक दिसतच नाही.

आधीची तूट भरून काढताना अल्कलिनिटी दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका. मी एकदा एकाच संध्याकाळी ६ वरून ९ वर नेली होती. चौथ्या दिवशी माझ्या फांद्यांच्या प्रवाळाची, म्हणजे अ‍ॅक्रोपोराची टोकं पांढरी पडली, आणि त्यातली एक फांदी परत आलीच नाही. ते अजून मनाला लागून आहे.

मॅग्नेशियम फार हळू उतरतं, महिन्यातून एकदा तपासलं तरी चालतं. ते कमी असलं की बाकीचे दोन आकडे कितीही घाला, टिकत नाहीत. मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट ८.४ ग्रॅम म्हणजे १०० लिटरला १० पीपीएमची वाढ. २०० लिटरमध्ये १२०० वरून १३०० वर जायला १६८ ग्रॅम लागेल, ते चार दिवसांत विभागून द्या.

या पद्धतीत मीठही थोडं थोडं साचत जातं, म्हणून दर आठवड्याला क्षारता तपासा आणि दहा टक्के पाणी बदला.

भारतातल्या वाचकांसाठी: वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात दगडी प्रवाळांना संरक्षण आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोकं घालून मी ती पहिल्यांदा पाहिली. ती तिथेच राहू द्यावीत, तुटून पडलेला तुकडासुद्धा उचलू नये.

बाटल्यांवर नाव आणि तारीख लिहा, आणि आकड्यांची वही ठेवा. प्रवाळं वाढतात तसा खपही वाढतो. सुरुवातीला दर आठवड्याला, बस्तान बसल्यावर पंधरा दिवसांनी अल्कलिनिटी मोजून डोस ५-५ मिलीने बदला. माझा टँक ३० मिलीवर सुरू झाला होता, आज रोज ५५ लागतात.