ओठ उचलून बघा: लेकराच्या दातांबाबत या चुका टाळा

मुलगा पावणेदोन वर्षांचा होता. तान्ह्या पोळ्याला धोतर-टोपी घालून, लाकडी नंदी ओढत चार घरचा बोजारा (घरोघरी मिळणारा खाऊ) घेऊन आला आणि फोटोसाठी खळखळून हसला. फोटो मोठा करून पाहिला तर समोरच्या वरच्या दोन दातांवर हिरडीलगत तपकिरी रेघ. चॉकलेट असेल म्हणून ओल्या रुमालाने पुसली. निघेना. सासूबाई म्हणाल्या, "दुधाचेच तर आहेत, पडून जातील ना बाप्पा!"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. समोरचे दात सहा-सात वर्षांचं होईतो पडतात खरे, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. पक्क्या दातांची जागा त्या धरून ठेवतात. चौथ्या वर्षीच दाढ काढावी लागली, तर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणारा पक्का दात वाकडा येतो. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास अगदी मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरोघरी तिला दुधाचीच समजतात. ती जन्मभराची असते.

बाटली तोंडात ठेवून झोपवणं

आमचा घोटाळा इथेच झाला होता. साखर घातलेलं दूध, बाटलीत, झोप लागेपर्यंत. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दूध दातांवर तसंच साचून राहतं आणि तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात. खालचे दात जिभेखाली नि लाळेत असल्याने बरेचदा वाचतात, वरचे समोरचे आधी जातात.

बाटली एका रात्रीत सुटत नाही. आम्ही तीन रात्री जागून पाहिलं. मग आधी साखर बंद केली, नंतर दर दोन दिवसांनी दुधात पाणी थोडं वाढवत नेलं. आठवड्याभरात बाटलीत नुसतं पाणी उरलं, तेव्हा त्यानेच ती ढकलली. दूध आता दिवसा, पेल्यातून. वर्षाच्या आसपासच पेल्याची सवय लावली असती तर हा खटाटोप वाचला असता.

"तो स्वतःच घासतो"

चावतो, म्हणा! सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांच्याच हातात हवा. लेकराचं डोकं आपल्या मांडीवर, तोंड वर, एका बोटाने वरचा ओठ उचलायचा आणि हिरडीच्या कडेवर ब्रश हलके फिरवायचा. रडलं तर तोंड उघडंच असतं, तेवढंच सोयीचं. पहिला दात दिसला की सुरुवात करा. सकाळी एकदा, रात्री एकदा. रात्रीचं कधीच चुकवू नका, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही.

फ्लोराइडची उलटी भीती

यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं, दातांवर डाग पडतात. हे ऐकून कितीतरी आया कीड रोखणारी फ्लोराइडची पेस्टच टाळतात. नागपुरात नळाला पेंच-कन्हान नद्यांचं पाणी येतं, बोअरचं नाही. बोअरचं पीत असाल तर तपासून घ्या, लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पिऊ नका. पेस्ट मात्र १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची घ्या. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीतली ब्रशभर लाट विसरा. थुंकू द्या, पण खळखळून चूळ नको.

बाळगुटीत मध, चुपणीला मध, हेही बंद. वर्षाच्या आत मध तसाही धोक्याचा. गोड सिरप दिल्यावर पाणी पाजा.

आता काय दिसतंय?

आज रात्री ओठ उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ असेल, तर कीड नुकती लागली आहे. फ्लोराइडचा लेप आणि नीट घासण्याने ती थांबू शकते. तपकिरी खड्डा असेल तर थांबू नका. हिरडीवर फोड, गालाला सूज किंवा ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लवंगेच्या तेलावर रात्र काढू नका. नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. खरं तर काही नसलं तरी पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दाखवून यायचं असतं.

आमच्या लेकाला किडीवर चांदीचं औषध लावलं. कीड थांबली, पण दात काळे झाले, ते पडेपर्यंत तसेच राहतील. यंदाही बोजारा मिळाला. तो डब्यात आहे आणि जेवणानंतर एकच चॉकलेट निघतं, दिवसभर चघळायला नाही. आजी आता त्या डब्यावर पहारा देऊन राहिली.